सहा नो ट्रम्प आणि तेराव्या हाताचा मोह

(कॅमेऱ्यासमोर, टेबलावर पत्त्यांचा जोड)

नमस्कार. सोलापुरात मे महिन्यात दुपारी घराबाहेर पडण्यात शहाणपण नसते, त्यामुळे आमचा ब्रिज रात्रीची जेवणे उरकल्यावर गच्चीवर चालतो. रेल्वे लाइन्स भागातल्या अशाच एका गच्चीवर, टीम सामन्यात, मी सहा नो ट्रम्पचा, म्हणजे हुकमाशिवाय बारा हात करायचा, एक डाव हरलो. विरुद्ध बाजूची पाने कशीही वाटली गेली असती तरी तो डाव हरण्याचे काहीच कारण नव्हते, आणि म्हणूनच आज तो आपल्यासमोर मांडतो आहे. ब्रिजचे प्राथमिक नियम आपल्याला ठाऊक आहेत असे मी गृहीत धरले आहे.

प्रथम टीम ब्रिजचा हिशेब पाहू, कारण माझी चूक पत्त्यांपेक्षा हिशेबातली होती. एका टीमच्या दोन जोड्या दोन वेगवेगळ्या टेबलांवर बसतात, एका टेबलावर उत्तर-दक्षिण आणि दुसऱ्यावर पूर्व-पश्चिम, आणि दोन्ही टेबलांवर तीच पाने खेळली जातात. त्यामुळे चांगली पाने आल्याचे श्रेय कोणालाच मिळत नाही. त्याच पानांचे दुसऱ्या टेबलावर काय झाले, एवढाच प्रश्न उरतो. दोन्ही टेबलांच्या गुणांतला फरक एका ठरावीक तक्त्यानुसार इम्पमध्ये, म्हणजे टीम सामन्याच्या एककात, बदलला जातो, आणि हा तक्ता मोठ्या फरकांना दाबत जातो. 20 ते 40 गुणांच्या फरकाला 1 इम्प मिळतो, 500 गुणांना 11, 750 ला 13 आणि 1500 ला 17.

आता स्लॅम, म्हणजे बारा हातांची बोली, बोलावा की नाही, हे या आकड्यांवरून ठरवता येते. आपण व्हल्नरेबल, म्हणजे बक्षीस आणि दंड दोन्ही जास्त असलेल्या स्थितीत, आहोत आणि दुसऱ्या टेबलावरची जोडी तीन नो ट्रम्पवर थांबली आहे असे समजा. आपले सहा नो ट्रम्प झाले तर आपल्याला 1440 आणि त्यांना बारा हातांचे 690, म्हणजे 750 चा फरक आणि 13 इम्प आपल्याकडे. आपला एक हात कमी पडला तर आपले उणे 100 आणि त्यांचे अकरा हातांचे 660, म्हणजे 760 चा फरक आणि 13 इम्प त्यांच्याकडे. व्हल्नरेबल नसताना हाच हिशेब दोन्ही बाजूंनी 11 चा होतो. म्हणजे निम्म्या वेळा होईल असा स्लॅम टीममध्ये बोलायला हरकत नाही. ग्रँड स्लॅमचे, म्हणजे तेराही हातांच्या बोलीचे, गणित मात्र असे समतोल नाही. सहा सोडून सात नो ट्रम्प बोलल्यास व्हल्नरेबल असताना मिळायचे 13 आणि जायचे 17, त्यामुळे तिथे शंभरात किमान सत्तावन्न वेळा यशाची शक्यता लागते, आणि माझ्या मते घरगुती सामन्यात याहूनही जास्त, कारण दुसऱ्या टेबलावरची जोडी अनेकदा सहापर्यंतही पोहोचलेली नसते.

बोलीकडे वळू. एक्क्याला 4, राजाला 3, राणीला 2 आणि गुलामाला 1 या मोजणीने जोडात एकूण 40 गुण असतात. दोघांचे मिळून 33 झाले की सहा नो ट्रम्प, असे आपण शिकतो. त्यामागचे कारण सोपे आहे. विरुद्ध बाजूकडे फार तर 7 गुण उरतात आणि दोन एक्क्यांचे 8 होतात, म्हणजे दोन एक्के बाहेर असणे शक्यच नसते. त्यामुळे 33 ची खात्री असताना चार किलवर बोलून एक्के विचारण्याची, म्हणजे जॉन गर्बर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीची, गरज नसते. जोडीदाराने एक नो ट्रम्प बोलून 15 ते 17 गुण दाखवले आणि आपल्याकडे 18 असले, तर सरळ सहा नो ट्रम्प बोलावे. 16 किंवा 17 असले तर चार नो ट्रम्प बोलावे, आणि इथे अनेक जोड्या घसरतात. एक नो ट्रम्पवर थेट आलेले चार नो ट्रम्प एक्के विचारत नाही, तर जास्त गुण असतील तर सहा बोला, नाहीतर पास करा, असे सांगते. सामन्याआधी जोडीदाराशी हे एकदा स्पष्ट बोलून घ्यावे.

एक गोष्ट जाता जाता. जोड्यांच्या स्पर्धेत सहा इस्पिकचे 1430 आणि सहा नो ट्रम्पचे 1440 यांतल्या दहा गुणांनी निकाल फिरतो, पण टीममध्ये दहा गुणांना शून्य इम्प आहेत. म्हणून आपल्याकडे इस्पिक किंवा बदामची चार पाने असतील, तर जोडीदाराकडेही त्याच रंगाची चार आहेत का, हे आधी शोधावे. हुकमामुळे मारता येणारा एक जादा हात त्या दहा गुणांपेक्षा कितीतरी मोलाचा असतो.

(पडद्यावर दोन्ही हातांची पाने)

आता तो डाव. माझ्याकडे, म्हणजे दक्षिणेला, इस्पिक एक्का, अठ्ठी, तिर्री; बदाम एक्का, छक्की, दुर्री; चौकट राजा, नव्वी, छक्की, तिर्री; आणि किलवर एक्का, गुलाम, चौकी अशी पाने होती. हे 16 गुण झाले, म्हणून मी एक नो ट्रम्पने सुरुवात केली. समोर माझे जोडीदार होते, वयाने वडीलधारे, ज्यांना गच्चीवर सगळेच काका म्हणतात. त्यांच्याकडे इस्पिक राजा, राणी, पंजी. बदाम राजा, सत्ती. चौकट एक्का, गुलाम, पंजी, दुर्री. आणि किलवर राजा, राणी, छक्की, तिर्री, म्हणजे 18 गुण होते. काकांनी क्षणाचाही विचार न करता सहा नो ट्रम्प बोलले. आम्ही व्हल्नरेबल होतो. पश्चिमेने बदाम राणी उतरली.

हात मोजू. इस्पिकचे तीन, बदामचे दोन, किलवरचे चार आणि चौकटचे एक्का-राजा असे दोन. गुण 34 असूनही खात्रीचे हात अकराच आहेत. बारावा चौकटमधूनच यायला हवा, म्हणजे चौकटमध्ये चारपैकी तीन हात हवेत आणि एक गेला तरी चालतो. विरुद्ध बाजूकडे चौकटची राणी, दश्शी, अठ्ठी, सत्ती आणि चौकी अशी पाच पाने आहेत.

मी काय केले ते आधी सांगतो. जोड्यांच्या स्पर्धा खेळून लागलेल्या सवयीने माझी नजर तेराव्या हातावर गेली. पहिला हात मी बदाम एक्क्याने घेतला, चौकट राजा खेळलो, आणि मग पश्चिमेकडच्या राणीला डमीच्या गुलामाने पकडण्यासाठी छोटे पान पुढे केले. पश्चिमेने त्यावर इस्पिक टाकले. पूर्वेकडे राणी, दश्शी, अठ्ठी आणि सत्ती अशी चार पाने होती. डमीचा एक्का घेतल्यावर माझ्याकडे नव्वी आणि डमीत गुलाम उरला, आणि दोन्ही पूर्वेच्या राणी-दश्शीच्या समोर निरुपयोगी ठरले. चौकटचे दोन हात गेले आणि डाव एकाने पडला.

योग्य खेळ असा आहे. सुरुवात एक्का-गुलाम असलेल्या बाजूच्या एक्क्याने करावी. पहिला हात डमीत बदाम राजाने घ्यावा, लगेच चौकट एक्का खेळावा, आणि मग डमीतून छोटे पान राजा-नव्वीकडे यावे. पूर्वेने छोटे पान टाकले, तर नव्वी लावावी. ती पश्चिमेच्या दश्शीला किंवा राणीला गेली, तर पाने तीन-दोन वाटलेली आहेत आणि राजा व गुलाम हे पुढचे दोन हात पक्के आहेत. ती कोणालाच गेली नाही, तर राणी आणि दश्शी दोन्ही पूर्वेकडे होत्या आणि नव्वीने हात मिळवला. पूर्वेने पानच दिले नाही, तर राजा घ्यावा आणि छोटे पान गुलामाकडे न्यावे. पश्चिमेकडे राणी-दश्शी असली, तरी तिला एकच हात मिळतो. पूर्वेने दुसऱ्या फेरीत दश्शी किंवा राणी लावली, तर राजाने घ्यावे, आणि मग गुलाम व नव्वी मिळून तिसरा हात देतात. पाचही पाने एकाच बाजूला असली, तरीही तीन हात होतातच. शंका असेल त्यांनी टेबलावर पाने मांडून पाहावीत, मी तीन वेळा पाहिली आहेत.

आणखी एक काळजी घ्यावी लागते. हा चौकटचा हात आरंभीच द्यावा, किलवर आणि इस्पिकचे तयार हात उगाच आधी वाजवू नयेत. बदामचा दुसरा अडसर, म्हणजे विरुद्ध बाजूचे बदाम रोखणारे मोठे पान, हातात असेपर्यंत विरुद्ध बाजूला तो हात देऊन काही बिघडत नाही. तो अडसर संपल्यावर मात्र तोच हात देणे महागात पडते.

माझ्या खेळाचा भाव किती, तेही मोजू. राणी पश्चिमेकडे असून पाने तीन-दोन वाटली गेली असती, तर मला तेरावा हात मिळाला असता, आणि असे सुमारे एक-तृतीयांश वेळा घडते. त्याची किंमत 30 गुण, म्हणजे 1 इम्प. शंभरात साधारण दहा वेळा मात्र पाने त्या रात्रीसारखी पडतात आणि डाव जातो. म्हणजे शंभर डावांत मी जेमतेम 34 इम्प कमावणार होतो आणि त्यासाठी 170 पणाला लावले होते.

दुसऱ्या टेबलावर आमच्या विरुद्धच्या जोडीने हेच सहा नो ट्रम्प गाठले होते आणि तिथेही बदाम राणीच उतरली होती. खेळणाऱ्याने ती डमीत घेतली, चौकट एक्का, मग छोटे पान, पूर्वेची सत्ती, आणि नव्वी. त्यांचे 1440, आमचे उणे 100, फरक 1540 चा. 17 इम्प एका डावात गेले. काकांनी डमीची तेरा पाने शांतपणे मोजून बोर्डाच्या खणात परत ठेवली, आणि पहिल्या हाताला बदाम एक्का का घेतला, एवढेच विचारले.