पुन्हा दुर्बीण कशासाठी?

नमस्कार श्रोतेहो. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून रिपोर्ट लिहिणं हे माझं काम. आज लघवीच्या पिशवीच्या कॅन्सरबद्दल बोलायचंय. दुर्बिणीतून गाठ काढून झालेली असते, बायोप्सीचा रिपोर्ट येतो आणि डॉक्टर म्हणतात, "रिपोर्टावरून नीट ठरत नाही, पुन्हा एकदा दुर्बीण घालूया." इथं घरोघरी गाडी अडते.

शिरोळकडच्या एका शेतकऱ्याचा मुलगा असा रिपोर्ट घेऊन माझ्याकडं आला होता. "मॅडम, पयलं ऑपरेशन फसलं म्हणायचं काय?" आणि त्याच दमात, "आबा म्हणत्यात, ऊस तुटून जाऊ दे, मग बघूया."

आधी पिशवीची भिंत कशी असते ते सांगते. घराच्या भिंतीला आतून रंग, त्याखाली गिलावा आणि मग वीट, तशीच हिची रचना. आतलं पातळ अस्तर, त्याखाली मऊ थर, त्याच्याही खाली जाड स्नायू. कॅन्सर सुरू होतो अस्तरात. मऊ थरात शिरला की त्याला टी-वन म्हणतात, स्नायूत पोचला की टी-टू. टी-वनपर्यंत बहुतेकदा पिशवी राखून उपचार होतात. बाळाला क्षयासाठी टोचतात ती बीसीजी पिशवीत सोडतात, सुरुवातीला आठवड्याला एकदा, असे ६ आठवडे. ही पद्धत १९७६ पासून वैद्यकात आहे. पण स्नायूत मुळं गेली असतील तर बीसीजी पुरी पडत नाही. मग पिशवी काढणं, नाहीतर केमो आणि रेडिएशन एकत्र देणं, असा मोठा विचार करावा लागतो. म्हणून स्नायूचा प्रश्न सुटल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

माझ्या टेबलावर काय येतं? फॉर्मॅलिनच्या बाटलीत गाठीच्या बारीक चकत्या. तार तापवून कापलेल्या असल्यामुळं त्यांच्या कडा करपलेल्या असतात आणि करपलेल्या पेशी वाचता येत नाहीत. स्लाइडवर स्नायूचे जाड, गुलाबी जुडगे दिसले तर मी सांगू शकते, कॅन्सर इथवर आलाय किंवा नाही. ते दिसलेच नाहीत तर मला लिहावं लागतं, "डिट्रूसर मसल नॉट सीन", म्हणजे पिशवीचा स्नायू दिसला नाही. अनेकजण ही ओळ "स्नायूत कॅन्सर नाही" अशी वाचतात. तसं नाही हो! तपासायला स्नायू आलाच नाही, एवढंच ती सांगते.

पहिलं ऑपरेशन फसलं का, याचं उत्तर बहुतेक वेळा नाही असंच असतं. गाठ मोठी असेल, रक्त येत असेल, भिंत पातळ असेल तर सर्जन हात राखूनच कापतो, कारण पिशवीला भोक पडण्याची भीती असते. आणि सगळं नीट काढलंय असं वाटलेल्या टी-वन रुग्णांतही दुसऱ्या वेळी तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत लोकांत काहीतरी उरलेलं सापडलंय, असं बऱ्याच अभ्यासांत आढळलं आहे. सीटी स्कॅनवर हे भागत नाही, स्नायूत थोडंसं शिरलेलं त्यात खात्रीनं कळत नाही.

ऊस तुटेपर्यंत मात्र थांबू नका. ही दुसरी दुर्बीण साधारण २ ते ६ आठवड्यांत करायची असते. तोडीला माणूस लावता येतो, भावकीतलं कुणीतरी उभं राहतं.

सगळ्यांनाच दुसऱ्यांदा जावं लागतं असंही नाही. गाठ लहान, लो-ग्रेड म्हणजे सावकाश वाढणारी, अस्तरापुरतीच आणि पूर्ण निघालेली असेल तर स्नायू दिसला नाही तरी सहसा पुन्हा कापत नाहीत. ठरलेल्या वेळी दुर्बिणीनं नुसतं बघतात. आजोबांचं वय फार असेल, हृदय अशक्त असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर भूलतज्ज्ञ आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नये. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, काही दिवस नळी, हा त्रास खरा आहे.

मनात शंका असेल तर दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत जरूर घ्या. मऊ थरातही स्नायूचे बारीक धागे असतात, त्यांवरून आमच्यात मतभेद होऊ शकतात, तिथं दुसरी नजर उपयोगी पडते. पण तुकड्यात स्नायू आलाच नसेल तर दहाजणांनी बघूनही तो दिसणार नाही, मग मघाशी सांगितलेली लहान, लो-ग्रेड गाठ सोडली तर पुन्हा दुर्बीण घालावीच लागते.

मत घ्यायला जाताना नुसता कागद नेऊ नका. लॅबमधून स्लाइड आणि तुकडे ज्यात बसवून ठेवतात ते मेणाचे ब्लॉक मागून घ्या, ते जपून ठेवलेले असतात. पहिल्या ऑपरेशनची नोंदही घ्या, गाठी किती होत्या, कुठं होत्या, सगळं निघालं का, हे त्यात असतं. खर्चाची काळजी असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का, ते कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत असू द्या.

नमस्कार.