खांदा कुठे निघतो, पट्टा कुठे धरतो

नमस्कार श्रोतेहो.

खांदा एकदा निखळून बसवलेला माणूस फिजिओथेरपीसाठी येतो, तेव्हा बहुतेक वेळा मोबाइल पुढे करतो. त्यावर तीन-चार पट्ट्यांचे फोटो असतात. "यातला कुठला घेऊ?" माझा उलट प्रश्न ठरलेला असतो: खांदा कुठल्या बाजूला निघतो, आणि तेव्हा हात कसा असतो? बरेच जण यावर गप्प होतात. दुखतं कुठे ते त्यांना नेमकं सांगता येतं, पण निघतो कुठे याचा विचार केलेला नसतो. आज बोलायचंय ते याबद्दलच. पट्ट्याची जाडी, किंमत आणि रंग हे सगळं त्यानंतर.

खांद्याचा सांधा म्हणजे लहानशा बशीत ठेवलेलं मोसंबं. गोळा मोठा, खोबण उथळ. म्हणून तर हात चारी दिशांना फिरतो, आणि म्हणूनच मोठ्या सांध्यांमध्ये सगळ्यात जास्त वेळा निखळतो तो खांदाच. खोबणीच्या काठाला कुर्चेची एक कडा असते आणि भोवती चार लहान स्नायूंची पकड असते, तिला रोटेटर कफ म्हणतात. निखळलेले बहुतांश खांदे पुढच्या बाजूला निघतात. हात बाजूला वर उचललेला, कोपरात वाकलेला आणि मागे वळलेला असताना, म्हणजे चेंडू फेकण्याच्या तयारीत असतो तसा. खांदा पुढे निसटताना ती कडा पुढून उचकटते. लंडनचे सर्जन बँकार्ट यांनी 1923 मध्ये हे दाखवून दिलं. 1940 मध्ये हिल आणि सॅक्स या दोन क्ष-किरणतज्ज्ञांनी गोळ्याच्या मागच्या अंगाला पडणाऱ्या खड्ड्याचं वर्णन केलं. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ही नावं दिसली तर घाबरू नका, पण रिपोर्ट घडी घालून कपाटातही टाकू नका. उचकटलेली कडा किंवा पडलेला खड्डा कुठलाही पट्टा दुरुस्त करत नाही, मग तो कितीही महाग असो.

आता पट्ट्यांकडे वळू. दुकानात सगळ्यालाच 'शोल्डर सपोर्ट' म्हणतात आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. खांदा नुकताच बसवला असेल तर लागते ती झोळी, म्हणजे आर्म स्लिंग, किंवा कमरेभोवती पट्टा येणारा, हात हलू न देणारा इमोबिलायझर. तो साधारण एक ते तीन आठवडे वापरतात, नेमकं किती दिवस ते तुमचे डॉक्टर ठरवतील. झोळीत कोपर अगदी कोपऱ्यापर्यंत आत जायला हवं, आणि पंजा कोपरापेक्षा किंचित वर. मनगट झोळीबाहेर लोंबत असेल तर झोळी लहान आहे, बदलून घ्या. बोटं, मनगट आणि कोपर रोज हलवत राहायचं, नाहीतर खांद्यासोबत तेही आखडतात. चाळिशी ओलांडलेल्यांनी तर झोळीत जास्त रमूच नये. या वयात पुन्हा निखळण्याची भीती कमी, पण खांदा आखडण्याची आणि रोटेटर कफ फाटलेला असण्याची शंका जास्त. हात वर उचलताच येत नसेल तर ते 'दुखतंय म्हणून' असं गृहीत धरू नका, तपासून घ्या.

विशीच्या आतल्या मुलांचं उलटं असतं. पहिल्यांदा निखळला की पुन्हा निखळण्याची शक्यता मोठी, खेळाडू असेल तर आणखी मोठी. खेळताना घालायचा पट्टा लागतो तो या मुलांना.

कबड्डीचंच घ्या. डावा कोपरारक्षक, म्हणजे डाव्या टोकाचा बचावपटू, शेजाऱ्याचा हात धरून साखळीत उभा असतो. त्याचा उजवा हात बाजूला ताणलेला, नजर चढाईपटूच्या पायावर. चढाईपटू साखळी फोडून रेषेकडे झेपावला की हा हात बाहेर आणि मागे खेचला जातो. म्हणजे नेमका ज्या स्थितीत खांदा निघतो त्याच स्थितीत. या मुलाला पातळ, ताणणारा, कापडी बाहीसारखा सपोर्ट दिला तर उपयोग किती? ऊब मिळते, त्वचेला पट्ट्याचा स्पर्श जाणवत राहतो आणि मुलगा खांद्याबाबत सावध राहतो. हे काही अगदीच टाकाऊ नाही. पण जोराचा हिसका बसला तर बाही हात अडवत नाही. त्याला हवा तो दंडाभोवती घट्ट बसणारा कफ, छातीभोवती फिरणारा पट्टा आणि या दोघांना जोडणारी न ताणणारी दोरी किंवा पट्टी. हात ठरावीक उंचीच्या वर आणि मागे जाऊ लागला की ही पट्टी ताठ होते आणि हाताला थांबवते.

अर्थात, याची किंमत मोजावी लागते. हात थांबला की पकडही थोडी थांबते. उजवा खांदा निखळलेला डावा कोपरारक्षक असा पट्टा लावून उभा राहू शकतो. तोच मुलगा चढाईपटू असेल आणि उजवा हात लांबवून गुण घेत असेल, तर दुसऱ्याच चढाईत वैतागून पट्टा काढून फेकेल. गोलंदाजाला किंवा व्हॉलीबॉलच्या स्मॅशरला त्या हातावर असा पट्टा जवळजवळ निरुपयोगीच, कारण त्यांचा खेळच त्या स्थितीत आहे. म्हणून मी खेळाडूला विचारतो, खेळतोस कुठल्या जागी? आणि पट्ट्याला धातूची बिजागरी किंवा बकल असेल तर सामन्याआधी पंचांना दाखवून घ्या. ऐन वेळी मॅटवर वाद नको.

दुकानात काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. काउंटरपलीकडून प्रश्न येतो, "मीडियम देऊ की लार्ज?" तुमच्या शर्टाच्या मापाचा इथे काही संबंध नाही. टेप मागा. काखेखालून छातीचा घेर आणि दंडाच्या मध्यावरचा घेर, ही दोन मापं डब्यावरच्या तक्त्याशी ताडून पाहा. उजवा की डावा तेही बघा, काही पट्टे एकाच बाजूचे असतात. मग घालून बघा, तेही खेळताना जो बनियन किंवा जर्सी घालता त्यावर. आणि आरशासमोर उभं राहण्याऐवजी हात हळूहळू, सावकाश, चेंडू फेकण्याच्या दिशेने न्या. 'आता निघेल' ही भीती वाटण्याच्या आधी पट्टा अडवतो का? अडवत असेल तर तो कामाचा. भीती आधी आणि पट्टा नंतर, असं असेल तर पट्टी आखूड करून पुन्हा बघा, तरीही तेच होत असेल तर परत ठेवा. दुकानदार वैतागेल, वैतागू दे. पाच-दहा मिनिटं तसाच घालून बसा. बोटांना मुंग्या आल्या, पंजा निळसर किंवा गार पडला, मानेवर पट्टा रुतायला लागला, तर तो तुमचा नव्हे. बायकांना छातीवरून जाणारा पट्टा बऱ्याचदा वर सरकून गळ्याशी येतो. तेव्हा पट्टा छातीखालून किंवा पाठीवरून तिरका नेणारी रचना मागा.

आता थोडी वेगळी माणसं. फिट येणाऱ्यांचा किंवा विजेचा शॉक बसलेल्यांचा खांदा कधी कधी मागे निखळतो. समोरून काढलेल्या साध्या एक्स-रेमध्ये तो सहज निसटून जातो, त्यामुळे वेगळ्या कोनातून फोटो काढायला लागतो. व्यायामशाळेत बेंच प्रेस किंवा जोर मारताना खांद्यात मागच्या बाजूला दुखत असेल तर तिथेही ही शंका घ्यावी. अशांसाठी नेहमीची झोळी, म्हणजे हात पोटावर आडवा बांधणं, उलट घातक ठरू शकतं, कारण गोळा मागे ढकलला जातो तो याच स्थितीत. त्यांना हात सरळ पुढच्या दिशेला किंवा किंचित बाहेर धरून ठेवणारा आधार लागतो. पुढे निघणाऱ्या खांद्यासाठीचा पट्टा शेजाऱ्याने मायेने आणून दिला म्हणून बांधू नका.

काही मुली आणि मुलं मुळातच सैल सांध्यांची असतात. त्यांचा खांदा पुढे, मागे, खाली, तिन्हीकडे सरकतो, दुखत नसतानाही. त्यांना दिवसभर पट्टा बांधून ठेवणं मला पटत नाही. पट्ट्यावर भिस्त ठेवून स्नायू आळसावतात. त्यांचा खरा आधार म्हणजे पाठीच्या पात्याभोवतीचे स्नायू आणि तो रोटेटर कफ. रबरी पट्ट्याचे व्यायाम, भिंतीला हात टेकून जोर, हे महिनोन् महिने करायला लागतं. कंटाळवाणं आहे, मान्य.

पक्षाघातानंतर हात लुळा पडला की खांदा खाली उतरतो, बोट घालून बघितलं तर वर खळगा लागतो. इथेही झोळी हवी, पण ती उभं राहताना आणि चालताना. बसल्यावर काढून हात उशीवर किंवा टेबलावर ठेवायचा. नाहीतर कोपर वाकलेल्या अवस्थेतच घट्ट होतं. आणि घरच्यांनो, आजोबांना उठवताना काखेत हात घालून किंवा तो हात ओढून उठवू नका. नुसत्या ओढण्याने दुखणं वाढतं.

खेळाडूंच्या पट्ट्यांवर अभ्यास झालेत, पण पट्टा घातला की पुन्हा निखळणार नाही, असं छातीठोकपणे सांगण्याइतका पुरावा आजही नाही. वारंवार निखळत असेल तर शस्त्रक्रियेचा विचार सर्जनकडे जाऊन करावा लागतो. हंगाम संपेपर्यंत पट्ट्यावर खेळून काढायचा, हा निर्णय चुकीचा नाही, मात्र तो सर्जनशी बोलून घ्यावा. रात्री झोपेत कूस बदलताना निघत असेल तर पट्ट्याची चर्चाच थांबवा आणि तपासायला जा. दंडाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा असेल तरही आधी डॉक्टरांना दाखवा, तिथे नस दबल्याची शक्यता असते.

कोकणातल्या आणि मुंबईतल्या श्रोत्यांसाठी आणखी एक गोष्ट. खांद्याला घालायचे हे रबरी पट्टे पावसाळ्यात लवकर वाळत नाहीत. ओलाच घातला तर काखेत पुरळ उठतं, खाज येते, आणि मुलगा पट्टा बॅगेत ठेवून खेळायला जातो. साबणाच्या कोमट पाण्यात हाताने धुवा, पिळू नका, पंख्याखाली पसरून वाळवा. सरावाला आणि सामन्याला वेगळा असे दोन घेणं परवडत असेल तर घ्या. नसेल तर आत पातळ सुती बनियन घाला, आणि माप घेतानाही तोच बनियन अंगात असू द्या.