दाखला, पट आणि मूलभूत हक्क

(धुळे येथे विधी शाखेचे विद्यार्थी आणि प्राथमिक शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

श्रोतेहो, विधी महाविद्यालयातील प्राध्यापकाने शिक्षणावर संशोधन करायचे म्हणजे निवाडे वाचायचे, अशी आमच्या क्षेत्रातली रीत आहे, आणि माझेही काम तिथूनच सुरू झाले. १९९३ च्या उन्नीकृष्णन खटल्यात मूळ वाद खासगी व्यावसायिक महाविद्यालयांतील कॅपिटेशन फीचा, म्हणजे प्रवेशासाठी उकळल्या जाणाऱ्या जादा रकमेचा, होता. पण त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतच्या बालकाचा मोफत शिक्षणाचा हक्क जीविताच्या हक्काच्या अनुच्छेद २१ मधून निघतो असे ठरवले. पुढे २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षणाला स्वतंत्र मूलभूत हक्क ठरवणारा अनुच्छेद २१-क आला, २००९ मध्ये शिक्षण हक्क कायदा संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. हा क्रम मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवत आले आहे. परंतु हा हक्क नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव किंवा अक्कलकुवा तालुक्यातल्या पाड्यावर नेमका कुठे अडतो, हे मला निवाड्यांत सापडले नाही. ते शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये सापडले.

या रजिस्टरात शाळा सोडल्याच्या कारणासाठी एक रकाना असतो. मी पाहिलेल्या रजिस्टरांत त्यात बहुधा दोनच नोंदी आढळल्या : ‘पालकाच्या विनंतीवरून’ किंवा ‘सतत गैरहजर’. दिवाळी आटोपली की सातपुड्याच्या पायथ्यावरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला जोडपी गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास परत येतात, हे त्या नोंदीतून कळत नाही. घरी सांभाळायला आजी नसेल, जवळ हंगामी वसतिगृह नसेल, तर मूलही फडावर जाते. ‘सतत गैरहजर’ या दोन शब्दांत दोष मुलाच्या माथी बसतो आणि यंत्रणेची जबाबदारी कागदावरून नाहीशी होते. कायद्याच्या अभ्यासकाला ही नोंद एखाद्या निवाड्याइतकीच महत्त्वाची वाटली पाहिजे, असे माझे मत आहे, कारण मूल हक्काच्या आत आहे की बाहेर, हे प्रत्यक्षात तीच ठरवते.

वास्तविक कायदा या मुलांना विसरलेला नाही. कलम ५ प्रमाणे बालकाला कोणत्याही कारणाने, राज्यात किंवा राज्याबाहेर, दुसऱ्या शाळेत बदली मागता येते. मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यायचा असतो आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. कलम ४ प्रमाणे शाळेत कधीच न गेलेल्या किंवा शिक्षण अर्धवट सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यायचे असते. कलम ९ ने तर स्थलांतरित कुटुंबांतील मुलांच्या प्रवेशाची जबाबदारी थेट स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. ही कलमे इतकी स्पष्ट आहेत की त्यांवर वाद घालायला फारशी जागा नाही, आणि कदाचित म्हणूनच आम्हा विधिज्ञांचे लक्ष त्यांच्याकडे कमी गेले. खासगी शाळांतील पंचवीस टक्के राखीव जागांवर आम्ही भरपूर लिहिले, आणि तो प्रश्न महत्त्वाचाच आहे. पण ज्या पाड्याच्या आसपास खासगी शाळाच नाही, तिथल्या मुलाचा हक्क कलम ४, ५ आणि ९ मध्येच आहे.

अडचण या तरतुदी एकमेकींना जोडण्याची आहे. गावातल्या शाळेला पट टिकवायचा असतो, म्हणून नाव लवकर कमी होत नाही. फडाजवळच्या शाळेला दोन-चार महिन्यांसाठी आलेले मूल आपले वाटत नाही. मुकादमाला तर टोळीतल्या कोयत्यांचा, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्यांचा, हिशोब ठेवायचा असतो, मुलांचा नव्हे. स्थलांतर करणाऱ्या मुलासोबत पुढच्या शाळेसाठी दिले जाणारे शिक्षण हमी कार्ड हा त्यावरचा चांगला उपाय आहे, पण ते पुढच्या शाळेने मागून घेतले तरच उपयोगी पडते. राज्याची सीमा ओलांडली की माध्यमही बदलते : घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणारे आणि गावी मराठीत नुकते वाचू लागलेले मूल गुजराती वर्गात जाऊन बसते. शिक्षणाचे माध्यम शक्यतोवर मातृभाषा असावे, असे कलम २९ सांगते. या मुलाच्या बाबतीत ते दोन्ही राज्यांत दूरच राहते.

आता तक्रारीची वाट पाहू. कलम ३२ प्रमाणे बालकाच्या हक्काविषयीची लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यायचा असतो. ऊसतोडीचा हंगाम साधारण पाच-सहा महिन्यांचा. म्हणजे टोळी फडावर पोहोचल्याच्या दिवशीच कोणी तक्रार केली आणि प्राधिकरणाने मुदत तंतोतंत पाळली, तरीही अर्धा हंगाम उलटून गेलेला असतो. म्हणून बदली आणि हंगामी प्रवेशाच्या तक्रारींसाठी सात दिवसांची वेगळी मुदत राज्याच्या नियमांत घालावी, अशी मागणी मी करते, आणि इथे बसलेल्या विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनी येत्या दिवाळीपूर्वी आपापल्या तालुक्यातल्या मुख्याध्यापकांना भेटून असे तक्रार अर्ज लिहून देण्याचे काम अंगावर घ्यावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.