सांगलीचा लिफाफा

(दृश्य: सकाळची कृष्णा, आयर्विन पूल, पुलावरून जाणाऱ्या दुचाक्या)

7 मे 2024. लोकसभेच्या तिसऱ्या टप्प्याचं मतदान. सांगलीच्या मतदान यंत्रावर त्या दिवशी भाजपचं कमळ होतं, उद्धव ठाकऱ्यांच्या शिवसेनेची मशाल होती. काँग्रेसचा हात मात्र नव्हता. वसंतदादांच्या सांगलीत!

आणि हे पहिल्यांदा घडत नव्हतं. 2019ला सुद्धा सांगलीकरांना यंत्रावर हात सापडला नव्हता.

(दृश्य: वसंतदादांचा पुतळा, जुनी कृष्णधवल छायाचित्रं)

ही सल समजायची तर थोडं मागं जावं लागेल. 1943 साली सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडलेले वसंतदादा पाटील पुढं राज्याचे मुख्यमंत्री झाले, एकदा नव्हे, अनेकदा. 1957ला संयुक्त महाराष्ट्राच्या वाऱ्यात सांगलीची जागा शेतकरी कामगार पक्षाकडे गेली होती. त्यानंतर 1962पासून 2014पर्यंत इथं काँग्रेसशिवाय कुणी निवडून आलं नाही. दादा स्वतः खासदार झाले, मग पत्नी शालिनीताई, मुलगा प्रकाशबापू, घरातलेच मदन पाटील, नातू प्रतीक. काँग्रेस आणि दादांचं घर यांच्यातली रेघ सांगलीत पुसूनच गेली होती. याला निष्ठा म्हणा नाहीतर घराणेशाही. सांगलीत दोन्ही शब्द वापरणारे भेटतात, कधी कधी एकाच घरात.

2014च्या मोदी लाटेत भाजपच्या संजयकाका पाटलांनी हा गड दोन लाखांहून जास्त मतांनी पाडला. मग 2019ला आघाडीच्या वाटपात काँग्रेसनं सांगली राजू शेट्टींच्या स्वाभिमानीला देऊन टाकली. दादांचा धाकटा नातू विशाल पाटील स्वाभिमानीचा उमेदवार झाला, चिन्ह मिळालं बॅट. तिकडं वंचित बहुजन आघाडीकडून गोपीचंद पडळकरांनी तीन लाख मतं घेतली. संजयकाका पुन्हा खासदार.

(दृश्य: महाराष्ट्राचा नकाशा, 48 मतदारसंघ, रंग बदलत जातात)

पुढच्या पाच वर्षांत राज्याचं राजकारण ओळखू येईना. 2019ला भाजप आणि शिवसेना युतीनं 48पैकी 41 जागा घेतल्या होत्या. वर्ष सरायच्या आत ती युती मोडली आणि शिवसेना काँग्रेस-राष्ट्रवादीसोबत सत्तेत बसली. 2022ला शिवसेना फुटली, 2023ला राष्ट्रवादी. धनुष्यबाण शिंद्यांकडे, घड्याळ अजितदादांकडे. ठाकऱ्यांच्या हाती मशाल, शरद पवारांकडे तुतारी फुंकणारा माणूस. साताऱ्यात तर या तुतारीशेजारी एका अपक्षाची पिपाणी येऊन बसली. तिला 37 हजारांवर मतं पडली, आणि तुतारीचा उमेदवार पडला त्याहून कमी फरकानं. असो, सातारा पुन्हा कधीतरी.

2024ला महाविकास आघाडीत तीन पक्ष, काँग्रेस, ठाकऱ्यांची शिवसेना आणि शरद पवारांची राष्ट्रवादी, आणि जागा 48. पेच पडला कोल्हापुरात. ती जागा मूळ शिवसेनेची, पण तिथले खासदार संजय मंडलिक शिंद्यांसोबत गेलेले. काँग्रेसला तिथं शाहू महाराजांना उभं करायचं होतं. ठाकऱ्यांनी जागा सोडली आणि बदल्यात सांगली मागितली. म्हणजे माल घेतला कोल्हापुरात आणि बिल फाडलं सांगलीच्या नावावर. उद्धव ठाकऱ्यांनी मिरजेच्या सभेत डबल महाराष्ट्र केसरी पैलवान चंद्रहार पाटलांचं नाव जाहीर करून टाकलं. सांगली लोकसभेतल्या सहाही विधानसभा जागांपैकी ठाकऱ्यांच्या हाती तेव्हा एकही नव्हती.

काँग्रेसचे आमदार विश्वजीत कदम विशाल पाटलांना घेऊन मुंबई-दिल्लीच्या वाऱ्या करत राहिले. शेवटी मैत्रीपूर्ण लढत तरी होऊ द्या, म्हणजे आघाडीतले दोन्ही उमेदवार उभे राहू द्या, इतकीच मागणी उरली. 9 एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, मुंबईत तिन्ही पक्षांच्या नेत्यांनी एकत्र बसून वाटप जाहीर केलं. शिवसेना 21, काँग्रेस 17, राष्ट्रवादी 10. सांगली शिवसेनेकडेच.

(दृश्य: मार्केट यार्ड, हळदीची पोती, चहाची गाडी)

अर्ज मागं घ्यायची मुदत 22 एप्रिलपर्यंत होती. विशाल पाटलांनी अर्ज ठेवला. अपक्ष. चिन्ह मिळालं लिफाफा.

खरी गंमत इथून पुढं. आघाडीचा धर्म पाळायचा म्हणून काँग्रेसचे नेते मशालीच्या व्यासपीठावर दिसायचे आणि कार्यकर्ते लिफाफ्याच्या कामाला लागलेले. व्यासपीठावर कुणी कुणाला फसवत नव्हतं. बसलेल्यांनाही माहीत होतं आणि समोरच्यांनाही. मतांची देवाणघेवाण नेत्यांच्या सहीनं होत नाही. ती गावातल्या त्या माणसाच्या हातात असते, जो मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्याला दुचाकीवर मागं बसवून केंद्रापर्यंत नेतो. सांगलीत त्या माणसाला वरून काय ठरलंय ते कळलं होतं. पटलं नव्हतं.

अशी बंडखोरी एरवी समोरच्याच्या पथ्यावर पडते. शेजारच्या हातकणंगल्यात तसंच झालं. राजू शेट्टी वेगळे लढले, त्यांनी पावणेदोन लाखांच्या पुढं मतं घेतली, आघाडीचे सत्यजित पाटील आणि शिंदेसेनेचे धैर्यशील माने यांच्यात फरक राहिला साडेतेरा हजारांच्या आत, आणि जागा मानेंनी राखली. सांगलीत हीच भीती घातली जात होती: मतं फुटतील, भाजप येईल.

(दृश्य: 4 जून, मतमोजणी केंद्राबाहेरची गर्दी, गुलाल)

मतं फुटलीच नाहीत. विशाल पाटील 5 लाख 71 हजार 666. संजयकाका 4 लाख 71 हजार 613. चंद्रहार पाटील 60 हजार 860, डिपॉझिट जप्त. भाजपविरोधात जायचं ठरवलेल्या मतदारानं आघाडीचा अधिकृत उमेदवार बाजूला ठेवला आणि आघाडीचं काम स्वतःच करून टाकलं. कोल्हापुरात शाहू महाराज दीड लाखानं निवडून आले, म्हणजे तो सौदाही फुकट गेला नाही. बिचारा पैलवान मात्र दुसऱ्यांच्या कुस्तीत चितपट झाला.

राज्यात आघाडीला 30, भाजप, शिंदे आणि अजितदादांच्या महायुतीला 17 आणि उरलेली ही एक. दोन्ही बाजूंच्या मतांच्या टक्केवारीत अर्ध्या टक्क्याचाही फरक नव्हता. तेरा जागा काँग्रेसच्या. पाच वर्षांपूर्वी तिला राज्यात एकच मिळाली होती, चंद्रपूरची.

(दृश्य: दिल्ली, संसद भवन)

देशात काँग्रेसचे 99 निवडून आले होते. निकालानंतर दोनच दिवसांनी विशाल पाटील दिल्लीत खर्ग्यांना भेटले आणि पाठिंब्याचं पत्र देऊन आले. शंभर पुरे झाले.

(दृश्य: पुन्हा आयर्विन पूल, संध्याकाळ)

संजयकाकांनी पाच महिन्यांनी विधानसभेला घड्याळ हाती घेतलं आणि तासगावात आर. आर. आबांच्या मुलाकडून हरले. तीन लाख मतं घेणारे पडळकर केव्हाच भाजपमध्ये गेले होते, ते जतचे आमदार झाले. त्याच निवडणुकीत सांगली शहरात काँग्रेसचा उमेदवार होता, हातही होता, आणि समोर अपक्ष उभ्या होत्या दादांच्याच घरातल्या जयश्रीताई. तिथं जागा भाजपनं राखली. आणि चंद्रहार पाटील? 2025च्या जूनमध्ये त्यांनी धनुष्यबाण उचललं.