टाक्यांची धास्ती

"किती टाके पडले?"

बाळंतिणीला भेटायला आलेली बाई आधी बाळाचं वजन विचारते. मग नाक कुणावर गेलंय ते ठरवते. आणि मग आवाज खाली आणून हा प्रश्न. उत्तर आकड्यात येतं. पाच. सात. "आमच्या जाऊबाईंना अकरा पडले होते, महिनाभर धड बसता येईना." खोलीच्या कोपऱ्यात सात महिन्यांची एक गरोदर पोर बसलेली असते. तिच्याशी कुणी बोलत नसतं, पण त्या दुपारपासून तिची झोप उडालेली असते.

(दृश्य: सोलापुरातल्या साखर पेठेच्या मागची बोळ. शिलाई मशीनचा आवाज आधी, मग मशीन.)

ही तीच पोर. वय २३. सासर विजापूर रोडला, माहेर इथं. ओटीभरण झालं आणि पहिल्या बाळंतपणाला ती आईकडं आली. नाव सांगायचं नाही, चेहरा दाखवायचा नाही, या अटीवर बोलली. म्हणून पडद्यावर तुम्हाला तिचे हात दिसतील, आणि आईचं मशीन. आई शाळेचे गणवेश शिवते. सोलापूरचे गणवेश पार दुसऱ्या राज्यांत जातात, त्यातले बरेच शर्ट अशाच घरांतून निघतात. घरात तीन माणसं आणि निळ्या कापडाचा ढीग. यंदाही आई गड्ड्याच्या जत्रेला गेली नाही. त्यातल्या सिद्धेश्वराच्या लग्नसोहळ्याच्या अक्षता चुकल्याला चार वर्षं झाली. विचारलं तर म्हणते, गर्दी सोसत नाही.

"कळांचं भ्या नाही वाटत," पोर म्हणते. "कळा काय, सगळ्यांनाच येतात. मला ते... खाली..." हात हवेत फिरतो आणि पदरावर येऊन थांबतो. "फाटतं म्हणतात की. त्याचं भ्या वाटतंय."

हा हवेत फिरणारा हात मी पुढं बऱ्याच जणींकडं पाहिला. कारण त्या जागेला रोजच्या मराठीत शब्दच नाही. पुस्तकात 'विटप' म्हणतात. बोलताना हा शब्द वापरलेला मी तरी ऐकलेला नाही. डॉक्टर 'पेरिनियम' म्हणतात. आपण म्हणतो खालचं, जागा, अंग. योनीमार्ग आणि गुदद्वार यांच्यामधली ती जेमतेम दोन-तीन बोटांची पट्टी. वर कातडी, आत स्नायू, आणि मागच्या बाजूला शौच धरून ठेवणारा गोल स्नायू. आता सांगा, ज्याला नाव नाही त्याच्याबद्दल ओपीडीत, मागं दहा बायका रांगेत उभ्या असताना, विचारायचं तरी कसं?

(दृश्य: डफरीन चौक, सकाळची वर्दळ.)

या चौकातून सोलापूरकर दिवसातून चारदा जातो. नाव ज्यांच्यावरून आलं त्या लेडी डफरीन, व्हाइसरॉयच्या पत्नी. पुरुष डॉक्टरला अंग दाखवायला तयार नसलेल्या बायकांना स्त्री डॉक्टर मिळाव्यात म्हणून १८८५ मध्ये त्यांच्या पुढाकारानं निधी उभा राहिला होता. म्हणजे ही लाज किती जुनी आहे बघा. डॉक्टरीणबाई आल्या, लाज तिथंच आहे.

तर आधी ती जागा फाटते का, हे सरळ सांगते. हो, बहुतेकींची थोडीफार फाटते. ब्रिटनमधल्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजचा हिशोब असा की, पहिल्यांदा खालून बाळंत होणाऱ्या १० जणींपैकी ९ जणींना काही ना काही ओरखडा, फाट किंवा छेद असतो. हे ऐकून पोरीचे हात घट्ट झाले. कॅमेऱ्यात दिसतंय ते. पण पुढचं ऐकल्यावर सैल झाले, तेही दिसतंय. त्या फाटेच्या चार पायऱ्या असतात. पहिली नुसत्या कातडीची, कधी टाकासुद्धा लागत नाही. दुसरी स्नायूपर्यंत जाते. तिला टाके घालतात आणि तीन-चार आठवड्यांत ती बहुतेकींची भरून येते. तिसरीत मागचा गोल स्नायू फाटतो, चौथीत आतड्याच्या आतल्या अस्तरापर्यंत फाट पोचते. जाऊबाईंच्या गोष्टी ऐकून हिच्या मनात जे चित्र होतं ते या शेवटच्या दोघींचं. त्याच कॉलेजच्या हिशोबात पहिलटकरणींमध्ये १०० त सुमारे ६ जणींना असं होतं. आधी एकदा खालून बाळंत झालेल्यांमध्ये १०० त सुमारे २.

"आणि टाक्यांचा आकडा?" तिनं विचारलं.

याचं उत्तर मशीनवरून आलं. डॉक्टर आता बऱ्याचदा सलग एकाच दोऱ्यानं शिवतात, आपोआप विरघळणाऱ्या, हे मी सांगत होते. आई मान वर न करता म्हणाली, "म्हणजे धावदोरा." हो, जवळपास तसंच. सलग टाक्यानं सुट्या टाक्यांपेक्षा दुखतंही कमी. मग धावदोऱ्याचे टाके मोजायचे कसे? पाच की अकरा, यावरून फाट किती खोल होती ते कळत नाही. विचारायचंच असेल तर कितवी पायरी होती, हे विचारावं.

पण आईचं दुसरं एक मत होतं, आणि ते तिच्या धंद्यातून आलेलं. "फाटू कशाला द्यायचं? कात्रीनं सरळ कापलं की शिवायला बरं. उसवलेलं कापड कधी नीट बसतंय का?"

हसू नका. १९२० मध्ये शिकागोच्या जोसेफ डी-ली नावाच्या मोठ्या प्रसूतितज्ज्ञांनी असंच काहीसं मांडलं होतं: आधीच छेद घ्या, चिमटा (फोर्सेप्स) लावून बाळ काढा, बाईचं पुढचं नुकसान वाचेल. पुढं कित्येक दशकं जगभर पहिलटकरीण म्हटली की छेद ठरलेला. आपल्याकडंही. आणि मग मोजून पाहिल्यावर निघालं उलटंच. सरसकट छेद घेतलेल्या बायकांपेक्षा, गरज पडली तरच छेद घेतलेल्यांमध्ये मोठ्या फाटा कमी. कापडाला जिथं कात्री लागली तिथूनच ते पुढं फाटत जातं, हे आईला मी सांगायची गरज नव्हती. ती थांबली, बोटांत निळं कापड धरून जरा ओढून बघितलं, आणि काही बोलली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ च्या सूचनांत सरसकट छेद नको असंच म्हटलंय. छेद वाईट असं नाही. बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावले, चिमटा लावावा लागला, तर तो बऱ्याचदा घ्यावा लागतो आणि तेव्हा तो बाळाला वाचवू शकतो. पण घ्यायच्या आधी सांगणं आणि ती जागा सुन्न करणं, हे तुमच्या हक्काचं. शिवतानाही तेच. त्याच सूचनांत आणखी एक गोष्ट आहे, जी मला फार महत्त्वाची वाटते: बाळ लवकर यावं म्हणून वरून पोट दाबायचं नाही. आपल्याकडं "दाबलं की पटकन सुटली" असं कौतुकानं सांगतात. कौतुक करण्यासारखं त्यात काही नाही.

मग आपल्या हातात काय?

बाळंतपणाच्या वेळचं बरंचसं सिस्टरच्या आणि डॉक्टरच्या हातात असतं. गरम पाण्यात पिळलेला स्वच्छ कपडा त्या जागेवर धरला तर मोठ्या फाटा कमी होतात, हे तपासून पाहिलेलं आहे. डोकं बाहेर येताना हातानं आधार द्यावा, असंही सुचवतात. तुमच्या वाट्याला एक अवघड काम येतं. आतापर्यंत सगळे "जोर दे, जोर दे" म्हणत असतात, आणि डोकं दिसायला लागलं की अचानक "थांब" म्हणतात. त्या वेळी जोर आवरून चहावर फुंकर मारल्यासारखा हलका श्वास सोडायचा, म्हणजे डोकं सावकाश येतं आणि कातडीला ताणायला वेळ मिळतो. हे आधी करून बघता येतं. आम्ही केलं. तिघी जणी निळ्या कापडाच्या ढिगाशेजारी बसून रिकाम्या कपावर फुंकरा मारत होतो. शेजारीण डोकावून गेली.

दुसरं म्हणजे मालिश. साधारण पस्तिसाव्या आठवड्यापासून, नखं कापून, हात स्वच्छ धुऊन, साध्या तेलाचं बोट लावून ती जागा आतून खाली आणि बाजूंना हळूहळू ताणायची, पाच मिनिटं. पहिलटकरणींमध्ये यानं टाके लागण्याचं प्रमाण काहीसं कमी होतं. काहीसंच. मालिश केली म्हणजे फाटणार नाही, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. वार खाली असेल, रक्तस्राव झाला असेल, पाणी गेलं असेल किंवा अंगावरून पांढरं जाऊन खाज-जळजळ असेल तर करूच नये. सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं. "पण पोट एवढं पुढं, हात पोचणार कसा?" ती म्हणाली. नवऱ्याची मदत घेतात काही जणी, असं मी म्हटलं. यावर मशीन एकदम जोरात सुरू झालं.

काही जणी या धास्तीपायी सिझर मागतात. सिझरनं खालची फाट टळते, हे खरं. पण ते पोटाचं ऑपरेशन. त्याचे टाके वेगळे, त्याचे धोके वेगळे, आणि पुढच्या बाळंतपणापर्यंत ते सोबत येतात. मागायला हरकत नाही, पण नीट बोलून. आणि धास्ती इतकी की रात्र रात्र डोळा लागत नाही, छाती धडधडते, जेवण जात नाही, तर तेही डॉक्टरांना सांगायचंच दुखणं आहे. मनाच्या दुखण्यांसाठीच्या सरकारी टेली-मानस सेवेच्या १४४१६ या नंबरावर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

(दृश्य: बाळंतिणीसाठी आवरलेली खोली. बाज. कोपऱ्यात शेगडी, पितळी तांब्या.)

ही खोली तयार आहे. तिच्याबद्दल मला जरा बोलायचंय. पहिल्या बाळंतपणाचे सव्वा महिना लाड करण्याची आपली रीत मला मनापासून आवडते. जगात कितीतरी बायकांना ते नशिबात नाही. पण शेणीच्या निखाऱ्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकून बाळंतिणीला त्याच्यावर बसवायचं, म्हणजे टाके सुकतात म्हणे, ते नको. ताजी जखम, आधीच बधिर झालेली कातडी, खाली निखारे. भाजल्याशिवाय कळायचं नाही. त्यात तिची तारीख एप्रिलातली. सोलापूरचा पारा तेव्हा चाळिशी ओलांडतो.

आणि पाणी. "बाळंतिणीला जास्त पाणी देऊ नका, पोट सुटतं." या एका वाक्यानं जेवढ्या बायका टाक्यांवर रडल्या असतील तेवढ्या कशानं नसतील. पाणी कमी, वर नुसते डिंकाचे लाडू आणि तूपभात. भाजी नाही, फळ नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शौचाला खडा, आणि ताज्या टाक्यांवर जोर. पाणी भरपूर, भाजी रोज, लागलं तर डॉक्टरांनी दिलेलं पोट साफ व्हायचं औषध. जोर येतोय असं वाटलं तर स्वच्छ पॅड टाक्यांवर हलकेच दाबून धरायचं, आधार मिळतो. लघवीला आग होते, तेव्हा बसल्या बसल्या याच तांब्यातून कोमट पाणी सोडत राहायचं. धुताना पुढून मागं. मग टिपून कोरडं. पावडर नको, हळद नको, तेल नको. पॅड वेळच्या वेळी बदलायचं.

आता तांब्यातून पाणी सोडत राहायचं, हे सांगायला सोपं. या बोळात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. म्हणून आईनं एक झाकणाचा पिंप वेगळा काढलाय. "हा तिचा," ती म्हणाली. "यातलं कुणी घ्यायचं नाही."

ताप आला, वास यायला लागला, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, टाका उसवला, तर वाट बघायची नाही. आणि वारा किंवा शौच आवरेनासं झालं तर अजिबात नाही.

(दृश्य: महिन्याची ९ तारीख. सरकारी दवाखान्याची ओपीडी. बाकड्यावर बायका, हातात फायली.)

दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची खास तपासणी असते, २०१६ पासून. तिनं गणवेशाच्या एका जुन्या बिलाच्या मागं तीन प्रश्न लिहून आणले होते. रस्ताभर पाठ केले. आत गेल्यावर सगळे विसरली आणि कागदच टेबलावर ठेवला.

डॉक्टरीणबाईंनी वाचला. पेन खाली ठेवलं.

"छेद सरसकट घेत नाही. लागला तर सांगून घेऊ, सुन्न करून घेऊ. सोबत एक बाई थांबू शकते, आईला घेऊन या. आणि हो, गरम कपड्याचं मी सिस्टरना सांगून ठेवते. हे तुला कुणी सांगितलं गं?" मग चष्मा काढून म्हणाल्या, "नंतर काही राहिलं तर लपवू नको. खोकलं की लघवी सुटते, वारा आवरत नाही. बायका वीस-वीस वर्षं अंगावर काढतात. माहेरी सांगत नाहीत, नवऱ्याला सांगत नाहीत. कुठं जाणं-येणंच बंद करतात. उपाय आहे त्याला."

पोर मान हलवत होती. आई खाली बघत होती.

बाहेर आल्यावर पोर रिक्षाकडं निघाली. आई केसपेपरच्या खिडकीशी थांबली.

"आता काय राहिलं?"

"एक काढायचाय अजून."

खिडकीतल्या माणसानं वर न बघता विचारलं, पेशंटचं नाव? आईनं पदर सारखा केला आणि स्वतःचं नाव सांगितलं.