गल्ली म्हणजे अंगणच

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, 'निवासी भागातली वाहतूक संथ कशी करावी'. पण मला आधी आमच्या गल्लीचं सांगू द्या.

जुळे सोलापुरात आमची गल्ली. खड्डे होते तोवर सगळे जपून जायचे. मग डांबरीकरण झालं, आम्ही पेढे वाटले! आठवडा गेला नसेल, मोठ्या रस्त्यावरचा सिग्नल चुकवणाऱ्या मोटारसायकली आमच्या दारावरून सुसाट. पंधराव्या दिवशी समोरच्या घरातलं आठ वर्षांचं पोर चेंडूमागं धावलं आणि उडालं. पाय मोडला. आम्ही दोनदा अर्ज दिला. उत्तर आलं नाही. शेवटी एका रात्री बांधकामावरचं उरलेलं काँक्रीट आणून पोरांनी आडवा बांध घातला. घमेली मीही उचलली. वीतभर उंच, दोन फूट रुंद. ना पट्टे, ना फलक. तिसऱ्या दिवशी अंधारात भाचा माझ्या आईला मागं बसवून येत होता. गाडी उसळली, आई पडली. खुब्याचं हाड. पुढं ती काठीशिवाय चालली नाही. त्या बांधाला माझे हात लागलेत, म्हणून मी हे सांगत फिरतो.

रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था आहे, इंडियन रोड्स काँग्रेस. तिच्या मानकातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि फक्त १० सेंटिमीटर उंच असतो. ताशी २५ किलोमीटरनं त्यावरून सुखानं जाता येतं. आपण घालतो ते बांध.

आता आपल्या पूर्व भागातले जुने बोळ आठवा. दारात सूप मांडीवर घेऊन बायका विड्या वळताहेत, आत मागाची खडखड, पोरांचा गलका. तिथं कुणी साठनं गाडी मारून दाखवावी! बोळ वाकडा, ओटा पुढं आलेला. पाय आपोआप ब्रेकवर जातो. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टमध्ये १९६०च्या दशकाच्या अखेरीस लोकांनी गल्ल्या अशाच मुद्दाम वाकड्या केल्या. झाडं लावली, बाकं ठेवली. १९७६ साली त्याला तिथल्या कायद्यात जागा मिळाली. नाव 'वूनर्फ', म्हणजे राहण्याचं अंगण. अंगण, मंडळी! हा शब्द आपल्याला कुणी शिकवायला हवा का?

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मुद्द्याचं भराभर सांगतो. कोरड्या रस्त्यावर तीसनं येणारी गाडी साधारण तेरा-चौदा मीटरमध्ये थांबते. पन्नासवाला तेवढ्या अंतरात नुसता ब्रेकपर्यंत पोचतो. पोर त्या अंतरात असतं. म्हणून गल्लीत तीसच्या वर नको. आणि हे फलकानं होत नाही, रस्त्याच्या घडणीनं होतं. कोपरे आवळून घ्या, म्हणजे वळताना वेग मोडतो. झाडं एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं लावा. शाळेसमोरचं क्रॉसिंग पदपथाच्या उंचीला आणा. अग्निशमनाची गाडी आणि रुग्णवाहिका जाईल एवढी वाट मात्र मोजून ठेवा.

आमच्या गल्लीचा नकाशा बाहेर टेबलावर ठेवलाय. रविवारी सकाळी सातला कोपऱ्यावर चुन्यानं आखणी करून बघायचीय. येताना मोजायची टेप आणा, आमच्याकडं एकच आहे.