रिसर्च पेपर छापून आला, पण वाचणार कोण?

सोलापूर-पुणे हायवेनं शहराबाहेर पडलात की केगाव लागतं. सोलापूर विद्यापीठ इथंच, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही इथंच. आणि सांगोला-मंगळवेढ्याकडं निघालात तर डाळिंबाच्या बागाच बागा. सोलापूरच्या डाळिंबाला 2016 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं खरं, पण बागायतदाराला विचाराल तर तो आधी तेल्याचंच सांगेल. तेल्या म्हणजे बॅक्टेरियाचा रोग, पानावर फळावर तेलकट डाग पडतात, मग फळ तडकतं, पावसाळी हवेत तर विचारूच नका, म्हणून कित्येकांनी पावसाळ्यातला मृग बहार सोडून त्यानंतरचा हस्त बहार धरायला सुरुवात केली.

आता तेल्यावर रिसर्च झालं नाय असं अजिबात नाय. पेपर आहेत, भरपूर आहेत. पण बीएस्सी अ‍ॅग्री करून बापाची बाग बघणारं एखादं पोरगं रात्री मोबाईलवर सर्च मारतं, टायटल दिसतं, खाली चार ओळींचा अ‍ॅबस्ट्रॅक्ट, आणि त्याच्याखाली डॉलरमध्ये रेट, एका पेपरला तीस-चाळीस डॉलर. रिसर्चला पैसा सरकारचा, म्हणजे फवारणीच्या औषधावर जीएसटी भरणाऱ्या त्याच्या बापाचाबी त्यात वाटा, आणि वाचायला परत पैसे! हे काय गणित आहे राव.

यावर नियम आहे आणि तो जुना आहे. आयसीएआरनं, म्हणजे केंद्राच्या कृषी संशोधन परिषदेनं, ओपन अ‍ॅक्सेस पॉलिसी, म्हणजे पेपर सगळ्यांना फुकट वाचायला खुला ठेवायचा नियम, 2013 मध्ये आणली, केंद्राच्या जैवतंत्रज्ञान (डीबीटी) आणि विज्ञान-तंत्रज्ञान (डीएसटी) विभागांनी मिळून डिसेंबर 2014 मध्ये. यांच्या पैशातून रिसर्च केलं की पेपर अ‍ॅक्सेप्ट झाल्यावर त्याची कॉपी रिपॉझिटरीत, म्हणजे पेपरांच्या ऑनलाइन संग्रहात, टाकायची, डीबीटी-डीएसटीत तर दोन आठवड्यांत. बास, एवढंच.

मग अडतं कुठं? एक मॅडम घ्या, त्या मायक्रोबायोलॉजी शिकवतात, डीएसटीचा प्रोजेक्ट आहे, आणि त्यांच्या डोक्यात ओपन अ‍ॅक्सेस म्हणजे एपीसी, म्हणजे पेपर छापायची फी, जर्नलला दीड-दोन लाख मोजायचे. बहुतेकांच्या डोक्यात हेच असतं. त्यांचे ग्रंथपाल सर खुर्ची ओढून बसतात. "मॅडम, पैसे भरायचेच नाहीत. डीएसटी एपीसीचे पैसे देतबी नाही आणि ते भरा असं म्हणतबी नाही. तुम्ही फक्त फाईल द्या."

"मग जर्नलचा पीडीएफ देते की."

"तो नको, त्याच्यावर हक्क पब्लिशरचा. रिव्ह्यूअरनं सांगितलेले सगळे बदल करून तुम्ही शेवटी पाठवलेली वर्ड फाईल हवी."

आता बघा गंमत. मॅडमच्या फोल्डरात 'फायनल', 'फायनल टू', 'फायनल नवीन', 'सरांनी बघितलेलं फायनल' अशा फायली आहेत, एकीत लाल रंगातल्या दुरुस्त्या तशाच, एकीत आकृत्याच नाहीत. शेवटी जर्नलच्या पोर्टलवर लॉगिन करून तिथनं डाऊनलोड केली, ती खरी. दिसायला गबाळी, डबल स्पेसिंग, टेबलं सगळी मागं, जर्नलचा लोगो नाही, पण मजकूर तोच जो छापून आला.

पब्लिशरनं एम्बार्गो, म्हणजे ठरावीक काळ पेपर खुला न करायची अट, घातला असेल तरी फाईल आत्ताच टाकायची, तारीख भरायची, तोवर कुलूप राहतं आणि त्या दिवशी आपोआप उघडतं. आपल्या पॉलिसीत जास्तीत जास्त एक वर्ष चालतं. अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेनं तर जुलै 2025 पासून तेवढीबी सवलत काढली, पेपर छापला की लगेच खुला.

कुणी म्हणेल, आता वन नेशन वन सबस्क्रिप्शन, म्हणजे केंद्रानं पैसे भरून जर्नलं वाचायला द्यायची योजना, आलीय की, नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झाली, तीन वर्षांना 6,000 कोटी, जवळपास 13,000 जर्नलं. चांगलंच आहे. पण ते सरकारी संस्थांच्या लॉगिनपुरतं, सांगोल्यातल्या त्या पोराकडं कुठलं लॉगिन?

आणि खरं सांगायचं तर पॉलिसीची माहिती नाही हे अर्धंच कारण. पीएचडीचे थिसिस शोधगंगा या ऑनलाइन थिसिस-संग्रहावर बरोबर जातात, कारण यूजीसीच्या नियमानुसार डिग्री जाहीर व्हायच्या आधी सॉफ्ट कॉपी जावी लागते, डिग्रीच अडते. पेपर टाकला नाही तर सहसा कुणाचं काय अडत नाही, मग राहतं.

मॅडमचा नवा पेपर चढला, दहा मिनिटं लागली, त्यातली पाच कीवर्ड आणि ग्रँट नंबर भरण्यात. जुने पेपरबी टाकता येतात असं सर म्हणाले तेव्हा मॅडमनी 2019 चा एक शोधला, तर ती फाईल होती डिपार्टमेंटच्या जुन्या पीसीत, आणि तो पीसी गेला भंगारात. को-ऑथर सध्या कोरियात पोस्टडॉक करतोय, त्याला मेल टाकलाय.